उमरग्याचं टोक

विरुपाक्ष बिराजदार सरांचा महाराष्ट्राचा नकाशा म्हणजे धाराशिवच्या त्या कॉलेजातली एक बघण्यासारखी चीज होती. पुस्तक नाही, फूटपट्टी नाही. सर फळ्याशी तिरके उभे राहायचे, मुलांशी बोलत बोलत डहाणूपाशी खडू टेकवायचे, आणि किनारा उतरून, सिंधुदुर्गाला वळसा घालून, कोल्हापूर, सांगली, अक्कलकोट करत पार गडचिरोलीपर्यंत जाऊन सातपुड्यावरून पुन्हा डहाणूला येईस्तोवर तो खडू उचलायचा नाही. कित्येक वर्षं हा खेळ चालला होता. दरवर्षी नवी मुलं टाळ्या वाजवायची आणि दरवर्षी सर त्यात काय विशेष असा चेहरा करून हात झटकायचे. आज टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या बाकावरची निकिता जरा वेळ मान वाकडी करून बघत राहिली आणि म्हणाली, "सर, उमरग्याचं टोक राहिलं."

विरुपाक्षनं मागं सरून पाहिलं. खरंच राहिलं होतं. अक्कलकोटवरून निघालेली रेघ पूर्वेला बाहेर न जाता सरळ निलंग्याला जाऊन भिडली होती, आणि त्याचा स्वतःचा तालुका, त्यातलं त्याचं हत्तरवाडी गाव, गावातलं आईचं घर, सगळं रेघेच्या बाहेर काळ्या फळ्यावर पडलं होतं. "सरांनी आपलंच गाव कर्नाटकाला देऊन टाकलं!" मागून कुणीतरी म्हणालं, मुलं हसली, तोही हसला. डस्टरनं तेवढी रेघ पुसून तो पुन्हा काढायला गेला आणि हात अडला. बोटांना वाट पाठ होती, डोळे मिटूनही जमलं असतं, पण नेमक्या त्या वळणावर खडू थांबला. त्यानं जोर केला तसा खडूच तुटला. लादलेल्या सीमा, नैसर्गिक सीमा, वसाहतींच्या काळात आखलेल्या सीमा असा आजचा धडा होता आणि तो त्याला झोपेतही शिकवता आला असता. "आज एवढंच," असं म्हणून तो वर्गाबाहेर पडला. तास अर्ध्यावर सोडण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

सकाळपासूनच काहीतरी बिनसलं होतं, आणि काय ते त्याला चांगलं माहीत होतं. आंघोळ करून कपाळाला विभूती लावत असतानाच गावाकडून फोन आला होता. अव्वाचा. अव्वा, म्हणजे त्याची आई प्रेमाबाई, आपण होऊन फोन करणाऱ्यातली नव्हे. फोन म्हणजे दुसऱ्यानं करायची वस्तू आहे असं तिचं मत होतं. त्यामुळं तिचा आवाज ऐकून आधी तो खाटेवर बसलाच. पण आवाज खणखणीत होता.

"विरू, शेतात खड्डा काढाय सांगितलाय बसवेशला. तू ये मोजायला."

"कसला खड्डा, अव्वा?"

"माझा."

आणि लगेच ती पुढं म्हणाली होती, "भिऊ नको, लगीच मरत न्हाय मी. पर जमीन वल्ली हाय तंवर काम हुतंय. उन्हाळ्यात कुदळ लागत न्हाय तिथं. आज ये न्हायतर ऐतवारी ये, तुझं तू बघ." आणि फोन बंद. शिवकांतानं, त्याच्या बायकोनं, चहा पुढं ठेवत विचारलं, "काय म्हणतात अव्वा?" तर तो म्हणाला, "काही नाही, ये म्हणते." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, जसा तो आयुष्यभर पूजेला बसला तसाच मातीत बसवतात. ज्याची जमीन आहे तो आपल्या शेतातच बसतो, आणि बिराजदारांच्या घरात तर जागा केवढी हवी हे ज्याच्या त्याच्याच पावलानं मोजायची रीत होती. टाचेला अंगठा लावून ठरलेली नऊ पावलं, आणि मोजायचं मुलानं. काही म्हातारी माणसं हौसेनं जिवंतपणीच हे उरकून घेतात, वर नातवंडांना दाखवतात की बघ, ही माझी खोली. यात भिण्यासारखं काही नव्हतं. विरुपाक्षच्या मनाला कुरतडत होतं ते वेगळंच. शेत गावालगतच्या ओढ्याच्या पलीकडं होतं, म्हणजे कर्नाटकात. आणि अप्पा, म्हणजे त्याचे वडील, ओढ्याच्या अलीकडं बसवलेले होते, गावच्या गायरानात. अव्वा पलीकडं बसणार, अप्पा अलीकडं बसलेले, आणि दोघांच्या मधून दोन राज्यांची हद्द जाणार. ही हद्द त्या दोघांच्या मधे कुणी आणून ठेवली, तर भूगोलाच्या प्राध्यापकानं.

दुपारी त्यानं गाडी काढली. तुळजापूरचा घाट उतरताना त्यानं ठरवलं की अव्वाला समजावून सांगायचं. शांतपणे, वर्गात सांगतो तसं. नळदुर्गच्या अलीकडं येईस्तोवर त्याला कळलं होतं की आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीही नाही. तिला काय सांगणार? की अप्पांच्या शेजारी गायरानात बस? जिथं गावची जनावरं हिंडतात, जिथं पावसाळ्यात पाणी साचतं, जिथं बिराजदारांचं आधी कुणी बसलेलं नाही? आणि ती म्हणाली, तुझ्या अप्पाला तिथं बसवलं कुणी, तर?

टाळेबंदीतला एप्रिल. अप्पा, शिवशरण बिराजदार, पहाटे झोपेतच गेले. रोगानं नाही, वयानं. पण त्या दिवसांत कुणी वयानं मेलं तरी लोक चार हात लांबूनच विचारायचे. विरुपाक्ष पास काढून धाराशिवहून आला तेव्हा अंगणात मोजकी माणसं होती आणि ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर मातीचा ढीग होता. पुरुषभर उंच ढीग, वर दगड, दगडांवर बाभळीच्या फांद्या. कुणी टाकला, कोणत्या बाजूच्या लोकांनी टाकला, नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडचे म्हणत इकडच्यांनी टाकला, इकडचे म्हणत तिकडच्यांनी. शेत तर ढिगावर चढलं की दिसत होतं. विहिरीजवळचा कडुनिंब, त्याच्याखाली आजा-आजीच्या समाध्या, आणि आजाच्या शेजारी अप्पांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा. अप्पांचे जुने दोस्त कोंडीराम म्हणाले, "वरच्या अंगानं वढ्यातनं नेऊ की. गुडघाभर बी पाणी न्हाय. आपल्याला कोण इचारतंय?" सगळे विरुपाक्षकडं बघायला लागले. शिकलेला मुलगा, त्यातून हद्दी शिकवणारा. आणि तो म्हणाला, "काका, ती राज्याची सीमा आहे. सध्या ओलांडता येत नाही. गुन्हा दाखल होईल."

ते वाक्य त्याला अजून जसंच्या तसं आठवत होतं. स्वतःच्या आवाजातला तो समजूतदारपणा आठवला की त्याला आपलीच किळस यायची. कुणी वाद घातला नाही. गायरानात जेसीबी आणला, यंत्रानं एका घासात खड्डा काढला, तोंडाला फडकी बांधून चार जणांनी अप्पांना बसवलं आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. अव्वा रडली नव्हती. घरी आल्यावर भिंतीला टेकून बसली आणि एवढंच विचारलं, "मोजलं का कुणी?" त्याला तेव्हा प्रश्नच कळला नाही. त्याला वाटलं किती माणसं होती ते विचारतेय, आणि तो म्हणाला, "होती की दहा-बारा जण." आठ दिवसांनी कुणीतरी पहाटे ढिगाच्या कडेनं वाट पाडली. पंधरा दिवसांत पलीकडच्या मजूर बाया पुन्हा इकडं कामाला यायला लागल्या. पावसाळ्यात ढीग वाहूनच गेला. अप्पा मात्र राहिले अलीकडंच.

नळदुर्गला तो चहाला थांबला. ढाब्यासमोर हैदराबादकडं तोंड करून ट्रक उभे होते. तेलंगणाचे, कर्नाटकाचे, आंध्राचे. ड्रायव्हर एकाच बाजेवर बसून आपापल्या भाषेत आचाऱ्याला शिव्या देत होते आणि आचारी सगळ्यांना एकाच भाषेत उत्तर देत होता. पलीकडं किल्ला उन्हात पसरला होता. हा सगळा मुलूख, विरुपाक्ष दरवर्षी मुलांना सांगायचा, निजामानं इंग्रजांच्या फौजेचा खर्च भागत नाही म्हणून त्यांच्या हवाली केला. मग सत्तावन्नच्या बंडात निजाम आपल्या बाजूनं राहिला म्हणून इंग्रजांनी तो खूष होऊन परत दिला. गहाण टाकलेली बुगडी सोडवून आणावी तसा जिल्हा गेला आणि आला. मुलं हसायची. मग तो विचारायचा, "बुगडीला कुणी विचारलं का, बाई, तुला कुठं राहायचंय?" यावर तर हमखास हशा. आज चहाचा घोट घेताना त्याला ते हसू ऐकू आलं आणि चहा कडू लागला. आपण आयुष्यभर हेच केलं, त्याला वाटलं. कुणीतरी कुठंतरी खोलीत बसून रेघा ओढल्या म्हणून साहेबाला नावं ठेवली, मुलांना हसवलं, पगार घेतला. आणि खरोखरीची रेघ समोर आली तेव्हा तिच्या अलीकडं हात जोडून उभे राहिलो. साहेब तरी परका होता.

शिवकांताचा फोन आला. "जेवलात का? अव्वांना ओरडू नका हं." तो म्हणाला, "मी कशाला ओरडेन?" ती म्हणाली, "तुम्ही ओरडत नाही हो. समजावून सांगता. ते जास्त लागतं." त्यानं फोन ठेवला. बाई बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून तर राग आला.

जळकोट मागं पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, मधेच तुरीचे काढून झालेले मोकळे पट्टे. लहानपणी त्याला ओढा म्हणजे घराचाच एक भाग वाटायचा. सकाळी अप्पांच्या मागं बैलगाडीत बसून ओढ्यात उतरायचं, बैल पाणी पिईपर्यंत थांबायचं, पलीकडं चढायचं. अलीकडं अव्वाची हाक ऐकू यायची, पलीकडं मोटेच्या जागी नव्यानं बसवलेल्या इंजिनाचा आवाज. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्हींची खिचडी आणि कचेरीत जुन्या माणसांचं उर्दू. यातलं काय कुठं संपतं आणि काय कुठं सुरू होतं, हा प्रश्न पडायला त्याला कॉलेजात जावं लागलं. तिथं कळलं की त्यांचा ओढा ही नैसर्गिक सीमा आहे. त्याला हसूच आलं होतं, कारण उन्हाळ्यात त्या ओढ्यात पोरं विटीदांडू खेळायची. पुढं त्यानं स्वतःच एक तर्क बसवला होता. जुन्या जमाबंदीच्या वेळी कुणी साहेब भर पावसाळ्यात घोड्यावरून आला असेल, ओढा दुथडी भरून वाहताना बघितला असेल आणि नदी समजून त्यानं तिथं दोन तालुक्यांची रेघ ओढली असेल. पुढं भाषेवर राज्यं झाली तेव्हा त्याच तालुक्याच्या रेघेची राज्याची रेघ झाली. तर्कच होता, पुरावा काही नव्हता, पण वर्गात छान खपायचा.

अप्पांकडं तर्क नव्हते. विरुपाक्षनं एकदा सुट्टीत मोठ्या उत्साहानं त्यांना विचारलं होतं, "अप्पा, छप्पन साली शेत म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा तुम्हांला काय वाटलं?" अप्पा बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. म्हणाले, "कुणीतरी सांगत आलं बाबा, शिवशरण, तुझं शेत गेलं म्हणून. म्या पळत बघायला गेलो. हुतं तिथंच हुतं." आणि पुन्हा तेल लावायला लागले. विरुपाक्षनं ते वाक्य पाठ करून ठेवलं आणि एका परिसंवादात सांगितलं. लोकांनी खूप दाद दिली. अप्पा त्याच वाटेनं पुढं साठ वर्षं शेताला जात-येत राहिले, आणि शेवटच्या एका फेरीला तेवढं त्यांना कुणी जाऊ दिलं नाही.

उमरगा ओलांडून तो आतल्या रस्त्याला वळला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अव्वा ओसरीवर हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. वाळली होती, पण डोळे तसेच चलाख. तिचा फोन नेहमीप्रमाणं पुढच्या खिडकीत होता. मागच्या भिंतीला नेला की तो कर्नाटकाचं नेटवर्क पकडायचा आणि अव्वा म्हणायची, माझा फोन माहेराला गेला. तिचं माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं.

"आलास? मला वाटलं, ऐतवारी येशील," ती म्हणाली. "हात-पाय धू. चहा घे. मग जाऊ, उजेड हाय तंवर."

तो हात-पाय न धुताच तिच्यासमोर बसला. गाडीत शंभर वेळा जुळवलेलं सगळं एकदम तोंडावर आलं. "अव्वा, तू शेतात का बसतेस? अप्पा इकडं आहेत. तू त्यांच्याशेजारी बस. मी गायरानातली जागा नीट करून घेतो. भोवती भिंत बांधतो, कट्टा बांधतो, झाड लावतो. ग्रामपंचायतीत बोलतो. पण तू तिकडं अन् ते इकडं, असं नको. मला ते बघवणार नाही."

"तुला बघवणार न्हाय," अव्वा म्हणाली आणि भाजीचा एक देठ मोडला.

"मी चुकलो गं. मला शिक्षा कर, पण अशी नको करूस."

अव्वानं भाजीची परात बाजूला सारली. त्याच्याकडं बघत ती हसली, आणि त्या हसण्यात काय आहे ते त्याला ओळखता येईना. "लई शिकलास तू," ती म्हणाली. "ऊठ. ती दिवळीतली पिशवी घे. चल."

पिशवी हलकी होती. ओढ्यापर्यंतच्या वाटेवर ती पुढं, तो मागं. ढीग होता त्या जागी आता घाणेरी माजली होती. ओढ्यात मनगटाएवढी धार होती. अव्वानं लुगडं वर खोचलं, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि दगडांवरून पलीकडं गेली. त्याच्या खिशातला फोन थरथरला. कर्नाटकात आपलं स्वागत आहे. त्यानं तो न बघताच बंद केला. समोरून बसवेश आला. विरुपाक्षच्या चुलत्याचा नातू, हे शेत आता तोच बटाईनं करायचा. खांद्यावर कुदळ, पायांना ओली माती. "बन्नी काका, या," तो म्हणाला. "आज्जी रोज इचारत हुती, काका येतात का म्हणून."

कडुनिंबाखाली आजा-आजीच्या समाध्या होत्या. आजाच्या शेजारची अप्पांची मोकळी जागा मात्र मोकळी नव्हती. तिथं मातीचा एक उंचवटा होता. गुडघ्याएवढा, नीट लिंपलेला, वर विभूतीची तीन बोटं आणि एक सुकलेलं बेलाचं पान. उंचवट्याच्या पलीकडं बसवेशनं अव्वासाठी खणायला सुरुवात केलेली दिसत होती. शेतातली माती काळी, भेगाळ. उंचवट्याची माती मात्र तांबूस होती, मुरमाड, बारीक खड्यांची. ही माती इथली नव्हती. ही गायरानातली होती. विरुपाक्षला ती कळली आणि त्यानं वाकून तिच्यातला एक खडा उचलला.

"हे काय आहे, अव्वा?"

"तुझे अप्पा," अव्वा म्हणाली.

ती समाधीच्या कडेला हळूहळू खाली बसली. "दर आवसंला जाते मी गायरानात. पानी घालते, पूजा करते, आन् येताना पदरात वटीभर माती घेते. हिकडं आणून टाकते. सुरवातीला मातीचा ढीग हुता वाटंवर, तवा वरच्या अंगानं यायची. एकडाव पडले बी वढ्यात. लोकास्नी वाटायचं म्हातारी हरभऱ्याची भाजी आणाय चाललीय. कुणी आडवलं न्हाय बघ. पदरात काय हाय म्हणून कुणी इचारलं बी न्हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू कायदा बघितला असतास." ती हे रागानं बोलली नाही. लहानपणी त्याच्या नाकाबद्दल बोलायची तसं, आहे ते आहे अशा सुरात बोलली. "अप्पाला बोलवून आणलंय म्या. आता हितंच हायत त्ये. म्हणून म्या बी हितं बसते. शिक्षा कसली करायची तुला, यड्या? माझ्या हातनं एकच हुत न्हाय. मोजायचं पोरानं असतंय. त्यास्नी तवा कुणी मोजलं न्हाय. ते मला लई लागून ऱ्हायलंय. पिशवी दे."

पिशवीत अप्पांची वहाण होती. डाव्या पायाची, अंगठा झिजलेला, कातड्यावर अजून त्यांच्या पावलाचा काळा ठसा. विरुपाक्षनं ती हातात घेतली आणि त्याला रडू फुटलं. बसवेश तिथं उभा होता, पलीकडच्या रानात बाया काम करत होत्या, आणि पंचावन्न वर्षांचा प्राध्यापक वहाण छातीशी धरून मोठ्यानं रडला. किती वर्षांचं साचलेलं होतं कुणास ठाऊक. अव्वानं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "हं. आता मोज. उजेड चाललाय."

तो गुडघ्यांवर बसला. समाधीच्या एका कडेला वहाण टेकवली, अंगठ्यापाशी बोटानं खूण केली, खुणेला टाच लावली. मोजणी त्यानं खूप शिकवली होती. साखळी, टेप, उपग्रह, सगळं. वहाणेनं त्यानं काही मोजलं नव्हतं. पहिला आकडा तोंडातून निघाला तो कन्नड होता. ओंदु. त्याचं त्यालाच नवल वाटलं. विहिरीच्या पायऱ्या उतरताना अप्पांनी ज्या आकड्यांत त्याला मोजायला शिकवलं ते आकडे, जे त्यानं धाराशिवला कधी कुणासमोर वापरले नव्हते. एरडु, मूरु, नाल्कु. अव्वा त्याच्याबरोबर हळू आवाजात म्हणत होती. चार बाजू झाल्या. बसवेशनं त्या खुणांवर दगड मांडले. अप्पांची जागा आता अप्पांएवढी झाली होती.

"आता माझं," अव्वा म्हणाली आणि बसवेशच्या हाताला धरून उठली. तिनं चपला काढल्या, समाधीच्या बाजूला, अप्पांना अगदी लागून, काळ्या मातीत उभी राहिली. एक हात तिनं खाली बसलेल्या विरुपाक्षच्या डोक्यावर टेकवला. पण पाऊल उचललं नाही.

"एक सांग मला," ती म्हणाली. "खरं सांग. म्या मेल्यावर परत कुणी वाटंवर ढीग टाकला तर? येशील का मला घेऊन, का वढ्यापशी थांबशील?"

त्याला पटकन हो म्हणता आलं असतं. तो तसा माणूस नव्हता, हे त्याचं दुखणं. डोक्यावर तिचा हात असतानाच त्याला तो ढीग दिसला, त्यावरच्या बाभळीच्या फांद्या दिसल्या, कोंडीरामकाकांचं त्याच्याकडं वळलेलं तोंड दिसलं आणि आपलाच समजूतदार आवाज ऐकू आला. तो आवाज मेला नव्हता. तो आतच होता, संधीची वाट बघत, सगळे नियम पाठ करून. विरुपाक्षला त्याची भीती वाटली. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि अव्वाचा उजवा पाय धरला. भेगाळलेली टाच, वाकडी झालेली करंगळी, ओढ्याच्या पाण्यानं अजून गार असलेला तळवा.

"येईन," तो म्हणाला. "पदरात घालून आणावं लागलं तरी येईन."

"मग मोज," अव्वा म्हणाली आणि तिनं आपला सगळा भार त्याच्या डोक्यावर टाकला.

त्यानं तिची टाच खुणेला लावली, अंगठ्यापाशी रेघ ओढली, पाय उचलला, पुन्हा लावला. रेघा वेड्यावाकड्या होत होत्या आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. ऐदु, आरु, एळु. पलीकडं ओढ्याच्या पाण्यावर शेवटचं ऊन होतं, आणि गावातून कुणाच्या तरी गुरांच्या घंटा इकडं ऐकू येत होत्या. एंटु. ओंबत्तु. मोजून संपलं. बसवेश दगड घेऊन वाट बघत उभा राहिला. अव्वा म्हणाली, "झालं रं, सोड आता." पण विरुपाक्षनं तिचा पाय हातातून सोडला नाही.